लाइनमनची कारकीर्द कशी लिहावी: खेळाडूपासून कोचपर्यंत

क्रीडा पानावर ज्याची हयात गेली त्याला चौकटीची सवय असते. फलंदाज असला की सामने, धावा, सरासरी; गोलंदाज असला की बळी. चौकट भरली की निम्मी बातमी झाली. अमेरिकन फुटबॉलमधला आक्रमक फळीचा लाइनमन, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला सांभाळणारा आणि धावणाऱ्याला वाट काढून देणारा पुढच्या रांगेतला गडी, या चौकटीत मावत नाही. बारा-पंधरा वर्षं खेळतो, सेंटर सोडला तर चेंडूला हात लावायचा संबंध नाही, गुण करत नाही, आणि मैदानावर त्याच्या नंबराचा पुकारा होतो तो बहुतेक वेळा 'होल्डिंग'ची (समोरच्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी लागली म्हणून. पुढे तो कोच झाला की आणखीच पंचाईत. मैदानात खेळतात दुसरेच पाच जण, आणि हिशेब मात्र याच्या नावावर मांडायचा.

तरीही हे काम होतं. निवृत्तीनंतर मुलीकडे ह्यूस्टनला राहायला आल्यापासून मी हा खेळ बघतो. नातू शाळेच्या संघात लेफ्ट गार्ड आहे आणि त्याच्या मित्रमंडळींनी खेळाडूंवर लिहिलेल्या टिपणांवर लाल पेन चालवायचं खातं आपोआप माझ्याकडे आलंय. इकडची आपली मंडळी रविवारी सामना लावून बसतात खरी, पण चेंडू जाईल तिकडे माना. त्यांच्यासाठी, आणि सोमवारी पहाटे उठून पुण्या-कोल्हापुरात सामना बघणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. उदाहरणाला माइक मंचॅक घेतो. ह्यूस्टन ऑयलर्सचा जुना गार्ड, नंतर लाइनचा कोच, मग हेड कोच, मग पुन्हा लाइनचा कोच. शिकायला असा माणूस बरा.

आधी शेजारी कोण ते लिहा

कागदावर पाच घरं काढा. मधलं सेंटरचं, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. ५० ते ७९ मधला नंबर घालणारे हे पाच जण एरवी पास झेलू शकत नाहीत, म्हणजे त्यांच्या खात्यावर यार्ड (चेंडू पुढे नेल्याचं अंतर) जमा व्हायचा मार्गच नियमाने बंद. म्हणून माणसाची माहिती एका घरात लिहायची आणि उरलेली चार घरं मोकळी ठेवायची नाहीत.

मंचॅकचं घर सोपं आहे. जन्म १९६० चा, पेन्सिल्वेनियातल्या स्क्रँटनचा. कॉलेज पेन स्टेट. १९८२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) ऑयलर्सनी पहिल्या फेरीत आठव्या क्रमांकावर घेतला. १९९३ पर्यंत १२ हंगाम, सगळे एकाच संघाकडून, लेफ्ट गार्ड. १५९ सामने, नऊ वेळा प्रो बोल (हंगामातल्या निवडक खेळाडूंत निवड), २००१ मध्ये हॉल ऑफ फेम (खेळातल्या थोरांच्या यादीत). त्याचा ६३ नंबर संघाने निवृत्त केला. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. एवढं कुठेही मिळतं.

आता शेजारचं घर. १९८३ मध्ये ऑयलर्सनी नवव्या क्रमांकावर ब्रूस मॅथ्यूज घेतला. हा गडी १९ हंगाम खेळला, २९६ सामने, चौदा प्रो बोल, आणि लाइनच्या पाचही जागांवर खेळला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो सेंटरला आला तेव्हा मंचॅक आणि तो खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. 'मंचॅक उत्तम गार्ड होता' या वाक्यापेक्षा 'उजव्या हाताला मॅथ्यूज होता' हे वाक्य जास्त सांगतं, कारण दोघांत मिळून अडवायच्या माणसाचं श्रेय एकट्याला देता येत नाही.

त्यानंतर मागे कोण होतं ते बघा. मागे वॉरन मून होता, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. ऑयलर्स तेव्हा 'रन अँड शूट' खेळायचे: चार रिसीव्हर (पास झेलणारे), एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), टाइट एंड नाहीच. टाइट एंड म्हणजे टॅकलच्या बगलेत उभा राहून हातभार लावणारा सहावा माणूस. तो काढून टाकला की बचाव फळीने जादा गडी अंगावर सोडले तरी पाचांनीच निभावायचं. अशा पद्धतीत मूनने १९९० मध्ये ४,६८९ आणि १९९१ मध्ये ४,६९० यार्ड पास टाकले. १६ डिसेंबर १९९० ला कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच सामन्यात ५२७. हे आकडे मूनचेच, पण ते गार्डच्या टिपणात आले पाहिजेत, आणि टाइट एंड नव्हता हे त्यांच्या शेजारीच आलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला नुसता मोठा आकडा दिसतो, तो कोणाच्या जिवावर उभा आहे ते दिसत नाही.

प्रो बोल आणि ऑल-प्रो वेगवेगळे लिहा. प्रो बोल मतदानाने ठरतो, आणि मतदानात नाव एकदा बसलं की खेळ उतरला तरी नाव टिकून राहतं. लाइनमनच्या बाबतीत तर फारच. ऑल-प्रोमध्ये अख्ख्या लीगमधून, म्हणजे एनएफएलमधून, मोजकेच निवडले जातात, म्हणून मी त्याला जास्त वजन देतो.

आकड्यांची तपासणी करताना हंगाम किती सामन्यांचा होता ते आधी बघायचं. १९७८ पासून १६ सामने, २०२१ पासून १७. पण १९८२ मध्ये खेळाडूंचा संप झाला आणि प्रत्येक संघ जेमतेम नऊ सामने खेळला. १९८७ मध्ये पुन्हा संप, १५ सामने, त्यातले काही बदली खेळाडूंनी खेळलेले. मंचॅकची पिढी या दोन्हींत सापडली आहे. 'सलग' हा शब्दही जपून. ग्रीन बे पॅकर्सचा टॅकल फॉरेस्ट ग्रेग सलग १८८ सामने खेळला असं सगळीकडे छापलेलं आहे आणि ते बरोबरही आहे. पण ती मालिका १९५६ ला सुरू होऊन १९५८ ते १९७१ अशी आहे. मधलं १९५७ तो सैन्यात होता. हे न सांगता 'चौदा-पंधरा वर्षं एकही सामना चुकवला नाही' असं लिहिलेलं टिपण माझ्याकडे आलं तर ते परत जातं.

जुन्या काळासाठी सॅकचे (क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडण्याचे) आकडे शोधत बसू नका. बचावपटूच्या नावावर सॅक अधिकृतपणे मोजायला लागले तेच १९८२ पासून. कोण किती चाली मैदानावर होता याचे आकडे प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर २०१२ पासून मिळतात. त्याआधीच्या माणसासाठी किती सामन्यांत सुरुवातीपासून खेळला एवढाच खात्रीचा आकडा. तो लिहा आणि पुढे जा.

मग सामना बघा, चेंडू सोडून

कागद झाला की जुना सामना लावा. एका क्वार्टरपुरता एकच माणूस धरायचा, आणि चेंडूवाल्याचं काय झालं ते अजिबात बघायचं नाही. पहिल्या काही चालींत जीव जातो. डोळा आपोआप क्वार्टरबॅककडे पळतो. रिमोट हातात ठेवा, चाल संपली की मागे न्या.

सगळ्यात आधी पाय. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद जोडीच्या तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघतो, इथेही तसंच. चेंडू स्नॅप झाल्यावर, म्हणजे सेंटरने मागे दिल्यावर, लाइनमनचं पहिलं पाऊल पुढे पडलं की बहुधा धावेची चाल, मागे सरकलं की पास. टॅकल मागे सरकताना तिरपा सरकतो, कारण त्याच्या बाहेरून वळसा घालून येणारा गडी पळण्यात त्याच्यापेक्षा चपळ असतो. गार्डला एवढी जागा नसते. त्याच्या समोरचा सरळ छातीवर येतो.

दुसरे हात. नातवाने मला हे मागच्या अंगणात शिकवलं. मला सोफ्याची उशी छातीशी धरून उभं केलं, स्वतः तीन पावलांवर वाकून बसला आणि म्हणाला, "आजोबा, या अंगावर." मी दोन पावलं टाकतोय तोवर त्याचे दोन्ही तळवे उशीच्या मधोमध, अंगठे वर, कोपरं बरगडीला चिकटलेली. माझे हात बाहेरून त्याच्या खांद्यांवर पडले आणि त्यांचा काही उपयोग होईना. ज्याचे हात आत गेले त्याने दुसऱ्याला धरलं, इतका साधा हिशेब. हात बाहेर राहिले की लाइनमन जर्सी ओढतो, आणि मग पंचाचा पिवळा रुमाल पडतो. नंतर त्याने जावयालाही उभं केलं आणि आम्हा दोघांना फुलीसारखं आडवं पळायला सांगितलं: मी त्याच्यासमोरून शेजारच्या घरात, जावई तिथून माझ्या जागी. मला वाटलं तो माझ्यामागे येईल. त्याने मला नुसता एक धक्का देऊन शेजारच्या रिकाम्या जागेकडे ढकललं आणि मान वळवून जावयाला घेतलं. "मी तुम्हाला टॅकलकडे दिलं," म्हणाला. टॅकल तिथे नव्हताच, त्यामुळे मी कुंपणापर्यंत गेलो, तो भाग वेगळा.

हे देणं-घेणं बघायला शिका. बचाव फळी अशी फुली मारते तेव्हा गार्ड आणि टॅकल आपापला माणूस एकमेकांकडे सोपवतात. चांगल्या जोडीत ते इतकं गुपचूप होतं की टीव्हीवर काहीच घडलं नाही असं वाटतं. वाईट जोडीत दोघेही एकाच माणसामागे जातात आणि दुसरा मोकळा थेट क्वार्टरबॅकवर. शेजाऱ्याचं नाव आधी लिहायला सांगितलं ते याचसाठी.

धावेच्या चालीत गार्डवर विशेष लक्ष द्या. तो कधी कधी समोरच्याला सोडून फळीच्या मागून आडवा पळतो आणि धावणाऱ्याच्या पुढे जाऊन वाट काढतो. याला 'पुल' म्हणतात. मंचॅकसारख्यांच्या जुन्या चित्रफितींत बघण्यासारखी गोष्ट ही. कधी तो आणि सेंटर मिळून एकाला रेटतात आणि मग दोघांतला एक त्याला सोडून बचाव फळीच्या मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरकडे जातो. केव्हा सोडायचं, हे त्याने पाहिलं की शेजाऱ्याच्या खांद्यावरून ओळखलं, एवढं दिसायला लागलं की तुम्ही तयार झालात.

चाल संपल्यावर एकच खूण करा: आपलं काम झालं, किंवा नाही झालं. 'जबरदस्त', 'भिंतीसारखा' वगैरे विशेषणं वहीत नकोत, टिपणातही नकोत.

कोच झाल्यावर काय मोजायचं

मंचॅकने खेळणं सोडलं आणि १९९४ मध्ये ऑयलर्सच्याच ताफ्यात साहाय्यक म्हणून लागला. १९९७ ला लाइनचा कोच झाला. त्याच वर्षी संघ ह्यूस्टन सोडून टेनेसीला गेला, पुढे त्याचं नाव टायटन्स पडलं. ह्यूस्टनमध्ये ही गोष्ट जपून काढायची, अजून चिडणारी माणसं आहेत. २०१० पर्यंत हे काम त्याच्याकडे होतं. पहिली पाच वर्षं त्याच्या हाताखाली खेळणाऱ्यांत कोण, तर ब्रूस मॅथ्यूज. कालपर्यंत शेजारी उभा राहिलेला मित्र आज खोलीत पुढे उभा राहून चित्रफीत थांबवतोय आणि तुमचं पाऊल कुठे चुकलं ते सांगतोय. नंतर २०११ ला मंचॅक हेड कोच झाला तेव्हा लाइन त्याने मॅथ्यूजकडेच दिली.

लाइनच्या कोचचं टिपण करताना मी तीन गोष्टी विचारतो. हाताला माल कसला आला? तो कोणाच्या मागे-पुढे उभा केला? आणि कोच गेल्यावर त्या माणसांचं काय झालं?

२००९ मध्ये क्रिस जॉन्सन टायटन्ससाठी २,००६ यार्ड धावला. तेव्हाच्या फळीत डावा टॅकल मायकल रूस होता, जन्म एस्टोनियातल्या टॅलिनचा, ईस्टर्न वॉशिंग्टन या फारशा न गाजलेल्या कॉलेजातून दुसऱ्या फेरीत आलेला. उजवा टॅकल डेव्हिड स्टुअर्ट, चौथ्या फेरीतला. सेंटर केव्हिन मवाए मात्र दुसऱ्या संघांत नाव कमावून आलेला, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे दोन घडवलेले, एक आयता. असं सुटं करून लिहिलं की कोचचा वाटा दिसायला लागतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण पिट्सबर्गचं. २०१४ ते २०१८ मंचॅक स्टीलर्सचा लाइन कोच होता. तिथे आलेहान्द्रो व्हिलान्वेवा नावाचा सहा फूट नऊ इंचाचा माणूस आला. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा, तिथे रिसीव्हरही खेळलेला, मग आर्मी रेंजर, अफगाणिस्तानात तीन वेळा जाऊन आलेला, ब्राँझ स्टार मिळालेला. फिलाडेल्फियाने त्याला बचाव फळीत घेऊन बघितलं आणि सोडून दिलं. स्टीलर्सनी २०१४ मध्ये सराव संघात घेतलं आणि टॅकल करायचं ठरवलं. वयाच्या पंचविशीनंतर, व्यावसायिक पातळीवर, डावी टॅकलची जागा मुळापासून शिकायची! २०१५ च्या हंगामात आधीचा टॅकल जायबंदी झाला आणि व्हिलान्वेवा आत आला, तो तिथेच राहिला. २०१७ आणि २०१८ ला प्रो बोल. इथे ड्राफ्टचं, कॉलेजच्या कोचचं, कुणाचंच श्रेय आड येत नाही. मंचॅकवर चारच ओळी लिहायला मिळाल्या तर मी दोन याच्यावर खर्च करीन.

सॅक कमी झाले म्हणून कोच चांगला, असं पटकन लिहू नका. क्वार्टरबॅक चेंडू लवकर सोडणारा असेल तर सामान्य फळीही शहाणी दिसते, आणि चेंडू धरून बसणारा असेल तर चांगलीही बदनाम होते. तोच कोच, वेगवेगळे क्वार्टरबॅक, असा तुकडा सापडला तरच तुलना करा.

फॉरेस्ट ग्रेगचा एक किस्सा माझ्या आवडीचा, कारण त्यात कोचची नजर कशी चालते ते दिसतं. १९८० मध्ये तो सिनसिनाटी बेंगल्सचा हेड कोच झाला. कॉलेजातला टॅकल अँथनी मुन्योझ गुडघ्याच्या दुखापतीने शेवटचा हंगाम जवळजवळ खेळलाच नव्हता, म्हणून इतर संघ बिचकत होते. ग्रेग स्वतः गेला, स्वतःच बचावपटू होऊन त्याच्या अंगावर धावून गेला. एका चालीत मुन्योझचा हात असा बसला की हा हॉल ऑफ फेममधला माणूस जमिनीवर. मुन्योझ तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि आजही सर्वोत्तम टॅकल म्हटलं की त्याचं नाव आधी निघतं. ग्रेग खेळाडू म्हणून ३१ डिसेंबर १९६७ च्या ग्रीन बेमधल्या गोठवणाऱ्या अंतिम सामन्यात होता, तापमान शून्याखाली २५ सेल्सियस. १० जानेवारी १९८२ ला कोच म्हणून त्याने सिनसिनाटीत सॅन डिएगोला २७–७ असं हरवलं, तेही शून्याखाली २३ असताना, आणि त्याचे लाइनमन उघड्या दंडांनी मैदानात उतरले होते. खेळाडू आणि कोच अशा दोन कारकीर्दी जोडणारा असा दुवा सापडला की तो सोडायचा नाही.

हेड कोचचा हिशेब वेगळ्या पानावर

इथे मात्र जय-पराजय आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याला हायसं वाटतं आणि तो सगळं टिपण त्यावरच संपवतो. मंचॅक हेड कोच म्हणून तीन हंगाम, २२ विजय, २६ पराभव. तेव्हा असं छापून आलं होतं की साहाय्यकांना काढण्याची अट त्याने मानली नाही आणि म्हणून त्याला जावं लागलं. ते लिहायचं तर 'असं छापून आलं' हे शब्द ठेवूनच. दुसरं उदाहरण आर्ट शेलचं. तो रेडर्स संघाचा डावा टॅकल, बाजूला जीन अपशॉ गार्ड. १९८९ मध्ये तो आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच झाला, १९९४ पर्यंत ५४ विजय, ३८ पराभव. २००६ मध्ये त्याच संघाने परत बोलावलं तेव्हा २ विजय, १४ पराभव. दोन्ही आकडे एकाच बेरजेत घातले तर माणूस कळणार नाही. वेगळे ठेवा.

जेफ सॅटर्डेचं टिपण करणाऱ्यांना एक खाऊ आहे. ड्राफ्ट न झालेला सेंटर, कोल्ट्स संघात हॉवर्ड मड या जुन्या गार्डच्या हाताखाली घडला, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या हातात चेंडू देत राहिला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टीव्हीच्या खुर्चीवरून उठवून कोल्ट्सनी त्याला हंगामी हेड कोच केलं. एक विजय, सात पराभव. त्यात मिनेसोटाविरुद्ध ३३–० अशी आघाडी घेऊन हरले, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा उलटफेर. त्याआधीचा विक्रम कुणाचा? जानेवारी १९९३ मध्ये मंचॅकच्या ऑयलर्सचा, बफेलोत ३५–३ अशी आघाडी घालवून ४१–३८ हरण्याचा. बफेलोचा त्या दिवशीचा क्वार्टरबॅक फ्रँक राइक, आणि सॅटर्डेला ज्याच्या जागी आणलं तो काढलेला कोचही फ्रँक राइकच. असलं काही सापडलं की टिपणात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात टाकावं. पहिल्यात टाकलं की बाकीचं कुणी वाचत नाही.

टिपण कार्यरत कोचवर असेल तर शेवटचं वाक्य जानेवारी-फेब्रुवारी उलटेपर्यंत पेन्सिलीने लिहा. हंगाम संपल्या संपल्या हेड कोच जातात आणि त्यांच्याबरोबर लाइनचे कोचही, मग कोण कुठे लागला हे एकेक करून जाहीर होत राहतं. मंचॅक स्टीलर्स सोडून डेन्व्हरला गेला तो २०१९ च्या याच दिवसांत. संघाने स्वतः जाहीर केलं की मगच पेन घ्या.